कात्री आपल्याच हातात हवी!
(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

गॅदरिंग असो, टेक-फेस्ट असो की एनएसएसचं शिबिर, शूटिंग आपण करतो आणि एडिटिंग मात्र लग्नाच्या व्हिडिओवाल्या स्टुडिओला देऊन मोकळे होतो. मित्रहो, माझं मत स्पष्ट आहे : हे बंद झालं पाहिजे. पैसे वाचतात म्हणून नव्हे (वाचतात, हेही खरंच!), तर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ज्यांनी ते पाहिलं-ऐकलं त्यांनीच ठरवायला हवं म्हणून.

उदाहरण आपल्याच शिबिराचं घ्या. धारूर तालुक्यातल्या ज्या गावात आपण सात दिवस राहिलो, तिथल्या कितीतरी घरांना कुलूप होतं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात; मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘कोयता’ म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी आणि ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, हे मला तिथे कळलं. एका आजींना आम्ही विचारलं, मुलगा-सून कधी येणार? त्या म्हणाल्या, “उचल फिटली की येतेल.” मग गप्प. मागे शेळी ओरडतेय, आजी पदराशी चाळा करतायत. नऊ सेकंदांनी त्या पुन्हा बोलल्या, “अन् न्हाई फिटली तर पुढल्या साली परत तेच.”

स्टुडिओतून आलेल्या सीडीत (हो, अजून सीडीच देतात!) पहिलं वाक्य होतं, त्यावर बासरी होती, आणि लगेच आपलं श्रमदान स्लो मोशनमध्ये. दुसरं वाक्य गायब! ती शांतता एडिटरला फुकटची वाटली असणार. त्याला तरी काय दोष द्यायचा? तो त्या ओट्यावर बसला नव्हता. पण पडद्यावर मात्र सगळं आलबेल झालं.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, सरकारने समितीही नेमली. आपला जिल्हा टीव्हीवर येतो तो बहुधा असाच, दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत, आणि ते तुकडे बाहेरच्या कुणीतरी पाडलेले. मग आपणही आपल्या माणसांचं बोलणं दुसऱ्याकडे कापायला द्यायचं?

“आपल्याला कुठे जमतंय?” म्हणणाऱ्यांनी मालेगाव आठवावं. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. एडिटिंग ते व्हीसीआरवर शिकलेले. २०२५ मध्ये थिएटरला लागलेला रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ त्यांच्यावरच बेतलेला. आणि आपल्याकडे? अख्खी लॅब!

आम्ही चौघींनी ती फिल्म पुन्हा कापली. कॅमेऱ्याच्या कार्डाची कॉपी आमच्याकडे होती म्हणून आजींचं दुसरं वाक्य वाचलं. सॉफ्टवेअर घेतलं केडेनलाइव्ह. फुकट आहे, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतं. दाविंची रिझॉल्व्हचीही फुकट आवृत्ती मिळते, पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, लॅबचा पीसी धापा टाकतो. केडेनलाइव्हमध्ये ‘प्रॉक्सी’ची सोय आहे : मोठ्या क्लिपांच्या हलक्या नकला बनतात, त्यांच्यावर काम करायचं, शेवटी रेंडर करताना मूळ क्लिपा वापरल्या जातात. टाइमलाइनवर आपण कापतो तेव्हा मूळ फाइल कापली जात नाही. कुठून कुठवर दाखवायचं एवढीच नोंद प्रोजेक्टमध्ये राहते. त्यामुळे भीती कसली? पस्तावलात तर क्लिपेचं टोक परत ओढा.

खरी मेहनत सॉफ्टवेअरची नाहीच, वहीची आहे. आम्ही सगळं शूटिंग आधी बसून पाहिलं आणि कोण, कितव्या मिनिटाला, काय बोललं ते लिहून काढलं. कंटाळवाणं काम! पण त्याच वहीवरून फिल्म उभी राहिली. आधी नुसतं बोलणं क्रमाने लावलं, मग त्यावर गावाची दृश्यं टाकली. एक युक्ती फार आवडली : पुढच्या माणसाचा आवाज त्याचं चित्र यायच्या जरा आधी सुरू करायचा. सांधा कळतच नाही. ट्रान्झिशनच्या मेनूत चित्र गोल फिरवण्यापासून पान उलटण्यापर्यंत सगळी सर्कस आहे. तिकडे न फिरकलेलं बरं. बासरी काढली, शेळी ठेवली. आजींची नऊ सेकंदं एका फ्रेमनेही कमी केली नाहीत. रंग वगैरे शेवटी, घाईघाईतच उरकले.

हॉस्टेलच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा त्या नऊ सेकंदांत एकही शिट्टी वाजली नाही. आपल्या हॉलमध्ये हे नवलच की नाही?

तर मागणी साधी आहे. यंदा गॅदरिंगच्या बजेटमधले स्टुडिओचे पैसे दोन हार्ड डिस्क आणि एका बऱ्या माइकवर खर्च करा. एक कॉपी लायब्ररीत, एक विभागात. लॅब संध्याकाळनंतर आठवडाभर उघडी ठेवा. आणि हो, रेक्टर मॅडम, रेंडर संपेपर्यंत मुलींनाही लॅबमध्ये थांबू द्या. मुलांचा पीसी आणि आमचा पीसी, दोघांनाही वेळ तितकाच लागतो.