तीस दिवसांचे जागरण आणि बारमाही रात्रपाळी

रमजानमध्ये घराचे घड्याळच बदलते. तरावीहची नमाज आटोपून घरी यायला दहा वाजतात, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा. पहाटे चार-साडेचारला सहेरीसाठी उठायचे, फजरची नमाज पढायची, जमले तर पुन्हा तासभर डोळा लावायचा आणि मग नेहमीची नोकरी, दुकान, कॉलेज. हिंदू मित्र या दिवसांत हमखास विचारतात, ‘दिवसभर पाण्याचा थेंब नाही हे समजले, पण झोपेचे काय करता?’ प्रश्न रास्त आहे. रोजाच्या भुकेविषयी पुष्कळ लिहिले जाते, झोपेविषयी फारसे नाही.

झोप मोडून मिळणाऱ्या वेळेची ओढ एकट्या मुसलमानांना नाही. काकड आरती, हरिनाम सप्ताहातला रात्रभराचा पहारा, कोजागरी, खंडोबाचे जागरण हे सारे त्याच ओढीतून आले आहे. जग निजलेले असताना जागे असलेल्या माणसाला स्वतःची गाठ पडते. तुकड्यांत झोपणे काही अघटित आहे असेही नाही. रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराने २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात जुन्या नोंदींवरून दाखवले, की विजेचे दिवे येण्यापूर्वी युरोपात बरेच लोक रात्री दोन टप्प्यांत झोपत आणि मधला काही वेळ प्रार्थनेत, गप्पांत, बारीकसारीक कामांत घालवत.

या ओढीचा आजचा अवतार मात्र वेगळा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले चोवीस तास उघड्या असणाऱ्या अभ्यासिकांत बसतात आणि ‘सर, मी चार तासच झोपतो’ हे पदक मिळाल्यासारखे सांगतात. काहींनी तर दर चार तासांनी वीस मिनिटे, म्हणजे दिवसाला अवघे दोन तास झोपण्याचे वेळापत्रक कुठूनतरी मिळवलेले असते. आयुष्यात रोज सहा तासांची भर पडणार, हे आमिष मोठे आहे. पण शरीर असा सौदा मान्य करत नाही. जागेपणी झोपेचे कर्ज चढत जाते आणि ते झोपूनच फिटते. शिवाय शरीरात चोवीस तासांचे घड्याळ असते. ते पेशींमध्ये कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रोझबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. हे घड्याळ उजेडाचे ऐकते, आपल्या महत्त्वाकांक्षेचे नाही. आणि दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेतच. झोप तोडून पाठांतर करणारा विद्यार्थी एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो.

मग रमजान कसा निभावतो? माझ्या मते त्याला चार आधार आहेत. पहिला मुदतीचा: एकोणतीस किंवा तीस दिवस, चंद्र दिसला की संपले. दुसरा सोबतीचा: सगळे घर, सगळा मोहल्ला एकाच वेळी उठतो. तिसरा विश्रांतीचा: दुपारच्या छोट्या झोपेला, कैलूलाला, परंपरेतच मान आहे. चौथा सवलतीचा: आजारी, प्रवासी, गरोदर स्त्री यांना रोजा पुढे ढकलता येतो. दिवसा रोजे आणि रात्रभर इबादत करणाऱ्या एका तरुण साथीदाराला खुद्द पैगंबरांनी अडवले होते आणि तुझ्या शरीराचा, तुझ्या डोळ्यांचाही तुझ्यावर हक्क आहे, असे समजावले होते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला योग साधत नाही, असेच सांगितले आहे. दोन्हीकडे शरीर ही आपली मालमत्ता नाही, ती अमानत आहे.

आता हेच चार आधार घेऊन आपल्या दोन तालुक्यांकडे पाहू. रांजणगाव एमआयडीसीत यंत्रे रात्रीही थांबत नाहीत. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत रात्रीची एक डुलकी किती महाग पडू शकते, हे वेगळे सांगायला नको. दौंड जंक्शनवर मनमाडची आणि सोलापूरची वाट फुटते, तिथे गाड्यांना रात्र नसतेच. गाडी चालवणारे, सांधे बदलणारे, रुळांवर गस्त घालणारे जागतात तेव्हा आपण डब्यात झोपतो. आणि जिथे दिवसाची वीज अजून पोचलेली नाही, तिथला शेतकरी रात्री थ्री-फेज आली की उसात दारे धरायला उठतो. शिरूरच्या उसात बिबट्याची भीती आहे, विंचूकाट्याची आहे. या जागरणाला ना मुदत, ना सोबत, ना दुपारची हक्काची झोप, ना सवलत. चंद्र दिसला म्हणून ते संपत नाही.

त्याची किंमत लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आणि २०१९ च्या फेरतपासणीतही तिथेच ठेवले. दुसरा धोका त्याच सकाळी रस्त्यावर दिसतो. सलग सतरा ते एकोणीस तास जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे दारूला कधी न शिवलेला कामगार नाइट संपवून नगर रस्त्याने दुचाकीवर घरी निघतो, तेव्हा त्याची अवस्था त्या मर्यादेपलीकडची असू शकते. सहेरीनंतर न झोपता लांबच्या प्रवासाला गाडी काढणाऱ्या रोजेदारांनीही हे ध्यानात ठेवावे.

म्हणून रमजानचे चार आधार बारमाही जागणाऱ्यांनाही मिळावेत. कारखान्यांनी पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने फिरवाव्यात, उलट्या नाहीत, कारण शरीराचे घड्याळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. रात्रपाळीत वीस मिनिटांच्या डुलकीला कामचुकारपणा समजू नये. घरी जायला बस असावी. २०१७ पासून चालू असलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा पाणी देण्यासाठी आहे. ती प्रत्येक शिवारात पोचेपर्यंत तिचा पाठपुरावा करणे हा साऱ्या गावाचा प्रश्न आहे.

आणि शेवटी आपल्या गल्लीविषयी. सहेरीसाठी गल्लोगल्ली हाक देत फिरणाऱ्यांची गरज होती तेव्हा घरात घड्याळ नव्हते. आज प्रत्येकाच्या उशाशी मोबाइलचा गजर आहे. भिंतीपलीकडे तिसरी पाळी करून नुकताच पडलेला शेजारी असेल, तान्हे बाळ असेल, दहावीचा विद्यार्थी असेल. रात्री दहा ते पहाटे सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तो आमच्या पहाटेला लागू आहे तसाच वरातीच्या आणि मिरवणुकीच्या डीजेलाही आहे. आमच्या तरुणांनी तरावीहनंतर सहेरीपर्यंत नाक्यावर गाड्या फिरवत जागायचे आणि रोजा झोपेत काढायचा, यातही पुण्य नाही. रोजा संयम शिकवायला आहे. आपल्या जागण्याने दुसऱ्याची झोप मोडणार नाही, एवढा संयम तरी त्यातून यावा.

सर्व वाचकांना रमजान मुबारक. रात्रपाळीहून परतणाऱ्या प्रत्येकाला शांत झोप लाभो.