'हॅड' कधी? होम्सला विचारा!

प्लेसमेंट जवळ आली की होस्टेलवर इडियम्सच्या याद्यांचं पाठांतर सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे, मित्रांनो, त्यापेक्षा एखादी जुनी इंग्रजी गोष्ट वाचा.

"काल मी पिक्चरला गेलो होतो" हे आपलं अस्सल मराठी वाक्य. त्याचं जसंच्या तसं 'यस्टर्डे आय हॅड गॉन' करून आपण मोकळे होतो आणि इंटरव्ह्यूत तिथेच घसरतो. इंग्रजीत हा 'हॅड' सहसा भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखवायला येतो. नियम व्याकरणाच्या पुस्तकात आहेच, पण अंगात मुरतो तो कॉनन डॉयलच्या रहस्यकथांत. तिथे बरंच काही आधीच घडलेलं असतं, होम्सचा तपास नंतर. त्यामुळे 'हॅड' येतो तो कारणासकट! १८९२ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स'मध्ये अशा १२ कथा आहेत. वाक्प्रचारांचंही तेच. कोण कुणाला, रागाने की गमतीने म्हणतोय, हे यादी सांगत नाही, गोष्ट सांगते.

पथ्य एकच. त्यातलं व्याकरण आजही चालतं, पण थाट जुना आहे; तो रेझ्युमेत उतरवू नका. रोज झोपण्यापूर्वी दहा पानं. करून तर बघा!