शेतकऱ्याचे घरीं उतरणारा पाहुणा

कर्जत तालुक्यांत दहिवली नांवाचीं दोन गांवें आहेत. आम्ही लिहीत आहों ती कर्जत शहरास लागून असलेली, उल्हास नदीकांठची, महसुली दफ्तरांत ‘दहिवली तर्फे नीड’ म्हणून नोंदलेली दहिवली. दुसरी ‘तर्फे वरेडी’ची. पाहुण्यास पत्ता देतांना तर्फ अवश्य सांगावी, नाहींतर तो भलत्याच दारीं जावयाचा. आणि पाहुणा हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा मुलूख मूळचाच वाटसरूंचा. बोरघाट चढण्यापूर्वीं मुक्काम करणें सर्वांसच प्राप्त असे. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देवालय त्याची साक्ष देत आजही उभें आहे. १८६३ सालीं घाटांतून आगगाडी धांवूं लागली आणि मुक्कामाची जागा थांब्यानें घेतली. गाडीस जादा इंजिनें जोडीपर्यंत उतारूनें कर्जतच्या फलाटावर गरम बटाटेवडा खावा, ही चाल पडली. जुन्या धर्मशाळेचे गोडवे गाणारांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, तेथें छप्पर व पाणी याखेरीज काय मिळत होतें? शिधा ज्याचा त्यानें आणावा, चूल ज्याची त्यानें मांडावी, आणि पडवींत जागा मिळावयाची तीही पुष्कळदां जात विचारून. तें आतिथ्य परत आणावें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.

परंतु आज जें चाललें आहे तेंही डोळे उघडून पाहण्याजोगें आहे. मुंबईहून कर्जत सुमारें शंभर किलोमीटर. शनिवारीं सकाळीं निघालेलें कुटुंब न्याहारीस येथें येतें. त्यांस डोंगर, नदी व चार घांस चांगलें अन्न हवें असतें. हें ओळखून बाहेरच्या धनिकांनीं येथील जमिनी घेतल्या. बिगरशेतकऱ्यानें शेतजमीन घेऊं नये असा १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाचा निर्बंध आहे. परंतु ज्यास दुसरीकडील सात-बारा दाखवितां येतो त्यास तो आडवा येत नाहीं. नोकरीच्या काळांत अशा खरेदीखतांवरील फेरफारांचे कागद आमच्या हाताखालून पुष्कळ गेले. रक्कम एकदां येते. लग्नांत, घरांत, मोटारसायकलींत ती जिरते. आणि ज्याच्या बापजाद्यांनीं त्या खाचरांचे बांध घातले तो त्याच फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. हें लिहितांना आम्हांस संताप येतो, तो घेणाऱ्याचा फारसा नव्हे. त्यानें तर मोल दिलें. विकणाऱ्यास दुसरी वाट कोणी दाखविली नाहीं, याचा येतो.

ती वाट आहे. मागील हिंवाळ्यांत दोन वेळां या भागीं उतरण्याचा प्रसंग आम्हांस आला. पहिल्या खेपेस एका मोठ्या विश्रामस्थानांत राहिलों. नांव सांगत नाहीं. खोली थंडगार, चादरी शुभ्र, परंतु ताटांत जें आलें तें मुंबईच्या कोणत्याही उपाहारगृहांत मिळालें असतें. खिडकीबाहेर भाताचीं खाचरें, आणि पानांत दुरून आणलेला भात! कर्जतला १९१९ पासून भातसंशोधनाचें केंद्र आहे, ‘कर्जत’ नांवाचे भाताचे वाण शेतकरी लावतात. त्या गांवीं पाहुण्यास स्थानिक तांदुळाची चव न मिळावी, यास काय म्हणावें!

दुसऱ्या खेपेस एका शेतकरी कुटुंबाच्या घरीं उतरलों. त्यांनीं गोठ्याशेजारीं दोन खोल्या काढल्या आहेत. तांदुळाची भाकरी चुलीवरून थेट ताटांत येत होती. वालाचें बिरडें, कुळथाचें पिठलें, खाचरांतील भातानंतर उरल्या ओलीवर घेतलेल्या वालाच्या शेंगा. रात्रीं त्यांनीं पोपटी लावली. मडक्यांत भांबुर्डीचा पाला घालून त्यावर शेंगा, मीठ, ओंवा. तोंडास पुन्हां पाला दाबून मडकें उपडें ठेवतात व भोंवतीं गवत-काटक्यांचा जाळ करतात. पाण्याचा थेंब लागत नाहीं. मुंबईचीं मुलें त्या जाळाभोंवतीं तासभर बसून होतीं. या पदार्थास लागलेला सर्व माल त्याच शेताचा व बांधाचा, हा मुद्दा शेतकऱ्यानें ध्यानांत घ्यावा. बाजारांत वालाचा जो भाव येतो त्याच्या कितीतरी पट तोच वाल ताटांत मिळवून देतो, आणि जमीन जागेवर राहते.

नेरळजवळील सगुणा बागेचें उदाहरण आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं तेथें शेती करतां करतां पाहुणे आणले. पाहुणे मिळाले म्हणून शेती सोडली नाहीं. उलट, नांगरणीवांचून गादीवाफ्यावर भात घेण्याची पद्धत तेथूनच पसरली. तेथें शहरचा पाहुणा तळ्यांत म्हशीच्या पाठीवर बसून डुंबतो. आम्हांस पूर्वीं ही करमणूक पोरकट वाटे. परंतु म्हैस शेतकऱ्याची आहे, तळें शेतकऱ्याचें आहे, यावर आमचें समाधान आहे.

अडचणी नाहींत असें कोणी समजूं नये. सर्वांत मोठी पावसाळ्याची. धबधबे पाहण्यास मुंबईकर जुलैंत लोटतात आणि नेमकी तेव्हांच लावणी असते. चिखलांत उभ्या असलेल्या माणसानें पाहुण्याचा चहा करावा कीं आवण उचलावें? आमचें स्पष्ट मत असें कीं, लावणीच्या पंधरवड्यांत खोल्या बंद ठेवाव्या. किंवा ज्यांस चिखलांत उतरावयाचें असेल तेवढ्यांसच बोलवावें व त्यांस आधीं तसें कळवावें. लावणी चुकली तर वर्ष चुकतें. पाहुणा आठ दिवसांनीं पुन्हां येतो. दुसरी अडचण, वर्षाचे शनिवार ५२ च. आंतल्या वारीं खोल्या रिकाम्या राहणार हें धरूनच खर्च करावा. कर्ज काढून दहा खोल्या बांधणाऱ्यास अखेर तीच जमीन विकावी लागते, मग आम्ही हा लेख कशास लिहिला? दोन खोल्या, स्वच्छ संडास, उकळलेलें पाणी, मच्छरदाणी, एवढ्यावर आरंभ करावा. मद्यपी टोळक्यास प्रथमच नाहीं म्हणावें. एकदां गांवाची झोंप मोडली कीं शेजारी तुमचे राहत नाहींत.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषमंडळी सोईस्कर विसरतात. ही भाकरी थापतें कोण? पहांटे चार वाजल्यापासून चुलीपुढें बसणारी घरची लक्ष्मी. गल्ला मात्र धन्याच्या खिशांत. गिरणगांवांत खाणावळी चालविणाऱ्या बायकांस सावकाराच्या पाशांतून सोडवून बँकेचें कर्ज मिळवून देण्यासाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. तें मुंबईंत झालें, तर कर्जतच्या वाडीवर कां होऊं नये? जेवणाचे पैसे तिच्याच नांवच्या खात्यांत जमा व्हावे. शासनानेंही २०२३ सालीं ‘आई’ नांवाचें महिला पर्यटन धोरण काढून स्त्रियांच्या उद्योगास घेतलेल्या कर्जाच्या व्याजाचा परतावा देऊं केला आहे. तेव्हां अर्ज तिच्याच नांवानें केला तर लाभही आहे.

राज्याचें कृषी पर्यटन धोरण २०२० सालीं आलें. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. कागदपत्रांविषयीं आमचा अनुभव सांगतों. अर्जापूर्वीं आपला सात-बारा वाचा. आजोबांचें नांव अद्याप चालत असेल तर प्रथम वारसनोंद करून घ्या. सामाईक खातें असेल तर भावांची व बहिणींचीही लेखी संमति घ्या. बहिणीस विसरणारांचीं भांडणें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. आदिवासी बांधवांच्या जमिनीच्या हस्तांतरणास जमीन महसूल अधिनियमाच्या ३६ व ३६-अ या कलमांचें बंधन आहे. कोणी ‘चालविण्यास’ म्हणून भाडेपट्टा लिहून मागितला तर तो कागद तहसील कचेरींत दाखविल्यावांचून त्यावर अंगठा वा सही करूं नये. खोल्या गांवठाणाबाहेर बांधावयाच्या असतील तर बिनशेती परवानगीचा प्रश्न येतो. तो पाया खणण्यापूर्वीं विचारावा, नंतर विचारल्यास दंडाची नोटीस येते.