मागे राहिलेला सोबती

मंडळी, भात घरात आले, झोडणी आटोपली की मार्गशीर्षात चार दिवस हात मोकळे होतात. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आम्ही चौघे मित्र उल्हास नदीकाठच्या मोहन्याहून सायकलींवर निघालो. बेत चार दिवसांचा होता. मुरबाडमार्गे माळशेज घाट चढायचा, जुन्नरला जाऊन शिवनेरी पाहायचा आणि आल्या वाटेने परतायचे.

पहिला दिवस मजेत गेला. दोन्ही अंगांना कापलेल्या भाताची खाचरे, मधूनच वालाचे हिरवे कोंब. टोकावड्याला मुक्काम केला. पुढे वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट वर जाते. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याण बंदराचा माल त्या वाटेने जुन्नरकडे जाई. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण अजून आहे. त्यात जकात गोळा करीत, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला आणि माळशेज चढता चढता दुपार कलली. आम्ही तिघे दमदार गडी. ईर्ष्येने पायडल मारत बोगद्यापर्यंत पोचलो. चौथा जरा नाजूक, तो मागे राहिला. येईलच, असे म्हणत बसलो. तासभर गेला, ऊन डोंगराआड गेले, तरी त्याचा पत्ता नाही. फोन लागेना. तेव्हा कुठे एकाच्या ध्यानात आले, की पंप आणि पंक्चरचे सामान माझ्याच पिशवीत आहे!

पोटात धस्स झाले. उलटे खाली निघालो. दोन वळणांनंतर तो दिसला. मागचे चाक बसलेले, अंगावर काळे जाकीट, सायकलीला दिवा नाही आणि अंगाला घासून ट्रक चाललेले. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "हाका मारल्या रे तुम्हाला." ते शब्द आजही टोचतात.

रात्री मढ गावात एका शेतकऱ्याच्या पडवीत पथारी टाकली. आजीने पिठले-भाकरी वाढली. बाबांनी सारी हकिकत ऐकून घेतली आणि विचारले, "पोरांनो, औताचा एक बैल दमला, तर दुसरा त्याला सोडून पुढं जातो का रं?"

"नाही बाबा."

"का?"

"जू एकच असतं."

"मग तुमचं जू कुठं होतं?"

आमच्या माना खाली गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून चौथा पुढे आणि आम्ही तिघे मागे. ओतूरकडची कांद्याची लागण बघत जुन्नर गाठले, शिवनेरी चढलो. वेळ थोडा जास्त लागला, पण बोलत-हसत गेलो. परतताना घाट दिवसाउजेडी उतरलो. उताराला चढापेक्षा जपावे लागते. ब्रेकचे रबर आधी तपासावे, ब्रेक सारखा दाबून न धरता सोडून सोडून लावावा, दोन सायकलींत चांगले अंतर ठेवावे.

तुमची मुले अशी निघाली तर अडवू नका. मात्र पंप आणि पंक्चरचे सामान सर्वांत मागच्याजवळ द्या, प्रत्येक सायकलीला मागे लाल दिवा लावा आणि पावसाळ्यात दरडींच्या या घाटात पाठवू नका. निघताना एवढेच विचारा, "बाळांनो, तुमच्यात सर्वांत हळू कोण चालवतो?" त्याला पुढे घाला म्हणावे.