खलनायकाचं बालपण नको, टाळ्या वाजवणारे दाखवा

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतले डालेक १९६३ पासून लोकांना घाबरवत आलेत. टेरी नेशन यांनी ते नाझींवरून बेतले. लोखंडी कवचात बसलेला जीव. आपला वंश सोडून बाकी सगळे जगायला नालायक, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. बिग फिनिश ही कंपनी या मालिकेची श्राव्यनाटकं काढते. तिथे या जुन्या खलनायकाची नवी मांडणी होते. त्यातल्या एका मांडणीशी आमचं भांडण आहे.

२००६ ची 'आय, डेव्हरॉस' डालेकांच्या निर्मात्याचं बालपण सांगते. महत्त्वाकांक्षी आई, युद्धात होरपळणारा देश. अभिनय उत्तम, ते नाकारत नाही. पण चार भाग ऐकून श्रोता म्हणतो, बिचारा, घरच तसलं! हाच तो घोटाळा. वंशशुद्धीचा विचार एका पोराच्या बालपणात कोंबला की समाज मोकळा सुटतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'त बजावलं होतं, की जात पाळणारा माणूस दुष्ट म्हणून ती पाळत नाही; ती शिकवणाऱ्या धर्माशी लढा.

मित्रांनो, आता रॉब शिअरमन यांचं २००३ चं 'ज्युबिली' ऐका. त्यातल्या इंग्लंडने १९०३ मध्ये डालेकांना हरवलं आणि स्वतःचं साम्राज्य उभारलं. उरलेला एक डालेक शंभर वर्षं टॉवर ऑफ लंडनमध्ये छळला जातोय. शताब्दीला त्याला जाहीर देहदंड द्यायचा, म्हणून देशभर जल्लोष. डालेक आता बाजारात विकायचा माल झालाय! श्रेष्ठत्वाच्या नशेतले हे विजेते डालेकच झालेत, त्यांना कवचाचीही गरज उरलेली नाही. आणि कैदी डालेक? हुकूम द्यायला कोणी नाही म्हणून तो सैरभैर.

श्राव्यनाटकात कवच दिसतच नाही, फक्त आवाज येतो. कोठडीतला खरखरीत आवाज आणि राज्यकर्त्यांचा माणसाचा आवाज, दोन्ही एकाच सुरात कधी बोलू लागले ते कळत नाही. आमच्या अंगावर काटा आला तो तिथे.

शिअरमन यांनीच या नाटकावरून २००५ मध्ये टीव्हीसाठी 'डालेक' हा भाग लिहिला. लोकांना तो फार आवडला. पण त्यात डालेकला डांबणारं साम्राज्य गेलं, जल्लोष करणारी जनता गेली, आणि त्यांच्या जागी एक अमेरिकन अब्जाधीश आला. पुन्हा एकच वाईट माणूस!