सह्याद्रीचे किल्ले जागतिक यादीत. वऱ्हाडचे गड सुट्टीच्या यादीबाहेर

नांदगाव खंडेश्वर (प्रतिनिधी) : 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि मुलांना घेऊन गड पाहण्याच्या कौटुंबिक सहलींना नवे निमित्त मिळाले. या बारांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रातील, तर जिंजी तामिळनाडूतील आहे. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग अशी ही नावे शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. या अकरांमध्ये विदर्भातील एकही किल्ला नाही. नामांकनाचा विषय मराठ्यांची सह्याद्री व किनाऱ्यावरील दुर्गरचना हा असल्याने त्यात कोणावर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. मात्र, यादीत नसलेला किल्ला मुलांना दाखवण्याजोगा नाही असा समज वऱ्हाडात आधीपासूनच आहे. तो यामुळे पक्का होण्याची भीती आहे.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. पूर्वी दोन दिवसांची दगदग वाटणारा सह्याद्री आता दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत सहज बसतो. येथून रायगड सुमारे सातशे किलोमीटर आहे. अमरावती, परतवाडामार्गे चिखलदऱ्याचा गाविलगड मात्र सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तरीही रायगडाचा बेत आखणाऱ्या, पण गाविलगडाच्या दरवाजातून मुलांना एकदाही आत न नेलेल्या कुटुंबांची संख्या या भागात थोडी नाही.

पॉइंट पाहिले, गड राहिला

वऱ्हाडातील कुटुंबे चिखलदऱ्याला जात नाहीत असे नव्हे. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी घाटात वाहनांच्या रांगा लागतात. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, मक्याचे कणीस, छायाचित्रे आणि सायंकाळपूर्वी परतवाडा, असा हा ठरलेला क्रम असतो. त्यात गाविलगड हा आणखी एक 'पॉइंट' म्हणून येतो. वेळ उरला तर पहिल्या दरवाजापर्यंत जाऊन मंडळी परत फिरतात. चिखलदऱ्यात पर्यटनवाढीची चर्चाही गेली काही वर्षे स्कायवॉकभोवती फिरते आहे. गडाचा उल्लेख त्यात ओघाने येतो.

नरनाळ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, शहानूर गावाच्या वर उभा असलेला हा किल्ला विस्ताराने प्रचंड आहे. मुख्य नरनाळा आणि त्याला जोडून असलेले जाफराबाद व तेलियागड असे हे दुर्गत्रिकूट. महाकाली दरवाजावरील कोरीव सज्जे आणि शिलालेख पाहून मोठी माणसेही थबकतात. नऊगजी तोफ आणि सक्कर तलाव मुलांच्या लक्षात राहतील असे आहेत. परंतु नरनाळ्याला नेमके काय घडले, हे मुलांना सांगू शकणारे पालक मोजकेच सापडतील.

पुस्तकातला गड आणि जवळचा गड

याचे मूळ चौथीच्या इतिहासात शोधावे लागेल. शिवचरित्रावर आधारलेल्या या पाठांनी महाराष्ट्रातील अनेक पिढ्या घडवल्या. रायगड किंवा प्रतापगड चढणाऱ्या मुलाला गोष्ट आधीच ठाऊक असते. गड ती गोष्ट खरी करून दाखवतो. पुणे-साताऱ्याकडे तर दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करण्याची प्रथा आहे. पायी गड चढण्यापूर्वीच तिथले मूल बुरूज आणि तटबंदी हाताने रचते. गाविलगड चढणाऱ्या मुलाकडे अशी कोणतीच गोष्ट नसते. त्याच्या दृष्टीने तो पडक्या भिंतींचा डोंगर ठरतो आणि अर्ध्या तासात ते कंटाळते.

वास्तविक शिवचरित्राचे धागे वऱ्हाडातही आहेत. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा बुलडाणा जिल्ह्यात, समृद्धी महामार्गाच्या वाटेवर आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मुलांना भेटणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री अकोला जिल्ह्यातील बाळापूरला मन नदीच्या काठी उभी आहे. तेथून जवळच बाळापूरचा किल्ला आहे. तो अठराव्या शतकात पूर्ण झाला. पुस्तकातील नाव आणि जवळचे ठिकाण एकत्र येण्याची ही संधी सहलीच्या आराखड्यात क्वचितच घेतली जाते.

पराभवाचीही गोष्ट

मात्र, वऱ्हाडच्या गडांना केवळ शिवकालाशी जोडून त्यांचे महत्त्व ठरवणे योग्य होणार नाही. या गडांचा इतिहास बहामनी, इमादशाही, मोगल आणि नागपूरकर भोसले अशा चार सत्तांचा आहे. गाविलगडाची उभारणी बहामनी सुलतान अहमदशहाच्या काळातील, १४२५ च्या सुमाराची मानली जाते. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा. तो बांधणारा फतेहउल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातील. लहानपणी युद्धात पकडला जाऊन तो वऱ्हाडात आला, धर्मांतरित झाला, सुभेदारीपर्यंत पोहोचला आणि १४९० मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक बनला. गाविलगडाच्या दरवाजावर दक्षिणेकडील मंदिरांतून दिसणारा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. त्याचा संबंध फतेहउल्लाच्या या पूर्वायुष्याशी जोडला जातो. युद्धकैदी म्हणून आलेला मुलगा राजा होतो, याहून मुलांना खिळवून ठेवणारी गोष्ट कोणत्या गडाकडे आहे?

दुसरी गोष्ट पराभवाची आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील आडगावजवळ भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा गाविलगडावर चालून गेल्या. गडाची दक्षिण बाजू सरळ तुटलेली असल्याने स्टीव्हन्सनने डोंगराला वळसा घालून जड तोफा उत्तरेकडील वाटेने वर चढवल्या. तोफांच्या माऱ्यानंतर १५ डिसेंबर रोजी बाहेरचा तट पडला. आतला तट मात्र शाबूत होता. एका तुकडीने खडा उतार चढून शिड्यांनी तो ओलांडला आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग या लढाईत मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगावच्या तहावर सह्या झाल्या. याच वेलस्लीने पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

१८५८ मध्ये, उठावाच्या धामधुमीत तात्या टोपे यांच्या हाती पडू नये म्हणून, इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी निकामी केली. तट का पडका आहे, या मुलांच्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. गाविलगडाच्या वेढ्यावर बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी आहे. इंग्लंडमधील वाचक ज्या गडाची लढाई चवीने वाचतो, त्या गडाचे नाव अमरावतीतील मुलाला केवळ सहलीचे ठिकाण म्हणून माहीत असावे, ही विसंगती बोचणारी आहे.

दोन खाती, एक गड

गोष्टीच्या अभावाला व्यवस्थेचीही जोड आहे. गाविलगड आणि नरनाळा हे केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येतात. त्याच वेळी ते मेळघाटच्या जंगलात आहेत. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प योजनेत निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक, आणि नरनाळ्याभोवती स्वतंत्र अभयारण्य आहे. एका खात्याची जबाबदारी दगडांची, दुसऱ्याची वन्यजीवांची. दोन्ही कामे आवश्यक आहेत. परंतु दहा वर्षांच्या मुलाला गड समजावून सांगणे हे यांपैकी कोणाचेच मुख्य काम नाही.

रायगडाकडे पाहिले तर फरक लक्षात येतो. तेथे १९९६ पासून रोपवे आहे, त्यामुळे आजी-आजोबांसह सारे कुटुंब गडावर पोहोचते. जोधपूरच्या मेहरानगडावर ध्वनिमार्गदर्शक यंत्र कानाला लावून पर्यटक दालनामागून दालन पाहतात. मेळघाटात रोपवे नको, गोंगाट तर मुळीच नको. वाघाच्या घरात तो परवडणारा नाही. येथे स्वस्त आणि शांत उपाय लागतात. गडाचा साधा मराठी नकाशा, मुलांसाठी चार पानी पुस्तिका, उघड्या कड्यांवर आणि तलावांच्या काठावर ठळक सूचना, आणि परिसरातील कोरकू व गवळी तरुणांना प्रशिक्षण देऊन नेमलेले वाटाडे. 'गाविलगड' या नावाचा संबंध गवळ्यांशीच जोडला जातो. त्यांच्या तोंडून गड ऐकण्यात वेगळे औचित्य आहे.

सुरुवात गावातून

शासनाची वाट न पाहता पालक आणि शाळांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. शालेय सहलींना एसटीकडून भाड्यात सवलत मिळते. तिचा उपयोग बागा आणि जलक्रीडा केंद्रांखेरीज बाळापूर-नरनाळ्यासाठीही होऊ शकतो. वऱ्हाडचा उन्हाळा पाहता मुलांना नरनाळा दाखवण्यास दिवाळीनंतरचे दिवस योग्य. पुरेसे पाणी, बंद बूट आणि दुपारपूर्वी चढाई ही पथ्ये पाळावीत. पावसाळ्यात निसरड्या तटावर मुलांना जाऊ देऊ नये. जंगलात प्रवेशाच्या वेळा वन विभाग ठरवतो, त्यांची चौकशी आधी केलेली बरी. आणि एका दिवसात पाच पॉइंट करण्यापेक्षा एकच गड, एकच गोष्ट, पण पूर्ण, हे सूत्र मुलांच्या पचनी पडते.

नांदगाव खंडेश्वरच्या मुलांना यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. गावातील खंडेश्वराचे हेमाडपंती मंदिर गाविलगडाच्या आधीचा, यादवांचा वऱ्हाड दाखवते. तेथून बहामनी, इमादशाही, मोगल, भोसले आणि इंग्रज असा सातशे वर्षांचा क्रम एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात लावता येतो. जागतिक यादीतील किल्ले मुलांनी अवश्य पाहावेत. पण इतिहास केवळ सह्याद्रीत घडला असे मानून मोठे झालेले मूल उद्या गाविलगडाचा तट ढासळला तरी हळहळणार नाही. ज्या गडासाठी हळहळणारे कोणी नाही, त्याच्या डागडुजीची मागणीही कोणी करणार नाही.