भाषेच्या नावावर टाळी मागू नका!

सामान्य प्रेक्षकाला चित्रपटातले काही कळत नाही, असे मानणारा एक वर्ग आहे. आणि त्याला ते कधी कळूच नये, अशी तजवीज करणारा दुसरा. पहिला विद्वानांचा, दुसरा धंदेवाल्यांचा. एरवी या दोघांचे एकमेकांशी पटत नाही. परंतु पदरचे पैसे मोडून तिकीट काढणाऱ्या माणसाने तोंड मिटून बसावे, याविषयी मात्र त्यांचे पूर्ण एकमत आहे. अलीकडे या दोघांच्या शेजारी एक तिसरा येऊन बसला आहे, आणि तो त्या दोघांहून धूर्त आहे. तो म्हणतो, "चित्रपट चांगला की वाईट हे मागाहून पाहू, तो मराठी आहे एवढे आधी ध्यानात घ्या आणि टाळी वाजवा!"

आमचे भांडण आहे ते या तिसऱ्याशी. कारण त्याची ही हाक आम्हा सीमाभागातल्या माणसांच्या कानी इतरांपेक्षा अधिक लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला मराठी चित्रपट ही करमणुकीची एक सोय असते. आमच्याकडे मराठी अक्षरांची पाटी दिसली तरी पाऊल क्षणभर थांबते. मराठी बोलपट लागला की घरातली म्हातारी माणसेसुद्धा निघतात. हे प्रेम आहे आणि त्याची आम्हांला लाज नाही. परंतु प्रेमाचा गैरफायदा घेणारे प्रथम प्रेम करणाऱ्यांच्याच दारी येतात, हा जगाचा अनुभव आहे. ज्याला आपला माल त्याच्या गुणावर खपवता येत नाही, तो त्यावर भाषेचा छाप मारतो आणि आमच्या निष्ठेवर हुंडी काढतो. ही हुंडी आम्ही का वटवावी?

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. मराठी चित्रपटाला चित्रगृह मिळाले पाहिजे, सोयीची वेळ मिळाली पाहिजे, परभाषेतल्या बड्या चित्रपटासाठी त्याला चार दिवसांत खाली उतरवले जाता कामा नये. ही मागणी न्यायाची आहे, आणि तिच्यासाठी भांडायला आम्ही केव्हाही उभे राहू. पण पडदा मिळवून देणे हे एक काम आणि पडद्यावर जे दिसेल त्याला चांगले म्हणणे हे दुसरे. पहिले आमचे कर्तव्य आहे. दुसरे कोणाचेच कर्तव्य नाही. चित्रगृहातले दिवे मालवले की भाषेची वकिली संपली. तेथून पुढे चित्रपटाने स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते.

आम्ही समीक्षक नव्हे. रविवारी चित्रपट पाहणारे आणि रात्री ताट पुढ्यात असताना मालिका पाहणारे जे लाखो लोक आहेत, त्यांच्यातलेच एक. आमची कसोटीही साधी आहे. पडद्यावर जी माणसे दाखवली, ती दाखवणाऱ्याने कधी डोळे भरून पाहिली होती काय? या एका प्रश्नावर आम्ही काही चित्रपट आणि काही मालिका पारखून पाहणार आहोत. मते आमची आहेत. वाचकांनी ती झुगारून स्वतःची बनवली, तरी या लेखाचे काम झाले.

'संत तुकाराम' घ्या. दामले आणि फत्तेलाल यांचा हा १९३६ सालचा चित्रपट. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सात्त्विक आहे यात शंका नाही. पण आम्हांला विचाराल तर तो चित्रपट गौरीबाईंच्या जिजाईने तोलून धरला आहे. नवरा अभंगात दंग आणि घरात दाणा नाही, अशा बाईचा संताप तेथे मुळीच सौम्य केलेला नाही. ती विठोबालाही खडसावते. संताचे चित्र काढताना संताच्या बायकोची भूक झाकली नाही, म्हणून ते भक्तिचित्र आजही खरे वाटते. प्रभातच्या मंडळींनी 'हा मराठी संत आहे, हात जोडा' असे सांगितले नाही. त्यांनी देहूचे एक घर दाखवले. हात आपोआप जोडले गेले.

त्याच प्रभातने १९३९ साली 'माणूस' काढला. शांतारामबापूंच्या त्या चित्रपटातील पोलीस शिपाई आणि त्याला भेटलेली वेश्या यांची कहाणी आजच्या कित्येक धीट म्हणवणाऱ्या मालिकांपेक्षा धीट आहे. आणि त्यातील मैना ज्यांनी अजरामर केली, त्या शांता हुबळीकर मूळच्या हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या! कन्नड मुलखातून आलेल्या त्या अभिनेत्रीला मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. तिला त्यांनी तिच्या कामाच्या कसोटीवर पारखले आणि नमस्कार केला. भाषेचे खरे प्रेम इतके श्रीमंत असते.

आता अगदी अलीकडचे पाहू. 'नाळ' हा २०१७ सालचा चित्रपट. आपण दत्तक आहोत हे कळलेल्या एका पोराच्या मनाची कालवाकालव आणि त्याला वाढवणाऱ्या आईचे मुके दुःख मराठी पडद्यावर इतक्या हळुवारपणे क्वचितच आले असेल. ते आणणारे दिग्दर्शक कोण? सुधाकर रेड्डी यक्कंटी. आडनावच सांगते की मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हे. विदर्भातले ते खेडे, ती नदी, ते अंगण त्यांनी पाहिले. आणि मराठी आडनावाचे आमचे कित्येक निर्माते मराठी घर दाखवताना रंगवलेल्या भिंती आणि इस्त्रीच्या साड्या दाखवून मोकळे होतात! मग मराठीची सेवा कोणी केली, हे वाचकांनीच सांगावे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१५ साली राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवले. त्यात एका वृद्ध लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा विलक्षण आरोप आहे. गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली सरकारी वकीलबाई दिवसभर न्यायालयात कलमे वाचून दाखवते, लोकलने घरी येते, स्वयंपाक करते आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह एका मराठी नाटकाला जाते. त्या नाटकात परप्रांतीयाची टर उडवली जाते आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. चित्रपट त्यावर एक अक्षर बोलत नाही. नुसता पाहत राहतो. तो प्रसंग पाहून ज्याला अस्वस्थ वाटले नाही, त्याने तो पुन्हा पाहावा. त्या टाळ्या नाटकाच्या गुणाला नव्हत्या. आपण कोण आहोत याची आपणच आपल्याला दिलेली शाबासकी होती. तिसऱ्या इसमाला आपल्याकडून हवी असते ती नेमकी हीच टाळी.

आणि 'सैराट'? २०१६ सालच्या या चित्रपटाने शंभर कोटींच्या वर धंदा केला, मराठीचा झेंडा रोवला, असे ढोल पिटण्यात आले. कोटींचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा. आमचा हिशेब निराळा आहे. नागराज मंजुळे यांनी पूर्वार्धात आम्हांला गाण्यांवर नाचवले आणि शेवटी रक्ताच्या पावलांनी दारात उभे केले. गाव सोडून पळालेली ती पोरे हैदराबादला पोहोचतात. तेथे परमुलखातल्या वस्तीतली एक बाई त्यांना आसरा देते. आणि जीव घ्यायला येतात ते सख्ख्या रक्ताचे, आपल्या भाषेचे, हातात माहेरच्या भेटी घेऊन आलेले लोक! ज्या चित्रपटाने मराठी समाजाच्या जातीचा चेहरा असा उघडा केला, त्याच्याच नावाने मराठी अभिमानाचे नगारे वाजवणे ही केवढी थट्टा! त्याची हिंदी आवृत्ती 'धडक' २०१८ साली निघाली. तिच्यात जातीचे ते धारदार पाते बोथट झाले, राजवाडे आणि तलम कपडे आले, आणि गोष्ट केवळ श्रीमंत-गरीब प्रेमाची होऊन बसली. म्हणजे 'सैराट'चे बळ त्याच्या भाषेत होते खरे. पण ती भाषा करमाळ्याकडच्या मातीतली होती, जाहिरातीतली नव्हे.

आमच्या अंगणातलीच एक साक्ष काढू. 'जोगवा' हा राजीव पाटील यांचा २००९ सालचा चित्रपट. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. यल्लम्माच्या नावाने सोडलेली मुलगी आणि बळेच लुगडे नेसवलेला तरुण, मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांनी ज्या ताकदीने उभे केले, त्याला तोड नाही. सौंदत्तीचा डोंगर बेळगाव जिल्ह्यातच आहे. त्या डोंगरावर मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्यांच्या लेकी सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ साली देवदासीबंदीचा कायदा केला, महाराष्ट्राने त्यानंतर कित्येक वर्षांनी. हा चित्रपट पाहताना आम्हांला अभिमान वाटला नाही, शरम वाटली. आणि ज्या चित्रपटाने शरम वाटायला लावली, तोच आमच्या अधिक उपयोगाचा, असे आमचे मत आहे.

याच्या उलट शिवरायांच्या नावावर निघणाऱ्या चित्रपटांची गेल्या काही वर्षांतली लाट पाहा. 'फर्जंद' २०१८ साली आला. २०२२ साली 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' आले. विषय अंगावर काटा आणणारे, कलावंत मेहनती. पण दर चार मिनिटांनी तलवार संथ गतीने हवेत फिरते, दर पाच मिनिटांनी गर्जना होते, आणि त्या गर्जनांच्या गदारोळात बाजीप्रभू नावाचा माणूस दिसायचा राहून जातो. महाराजांच्या नावाला प्रेक्षक उभा राहणारच; त्यात दिग्दर्शकाचा पराक्रम कोणता? ज्या नावाला जन्मजात टाळी आहे, ते नाव घेणाऱ्यावर जबाबदारी दुप्पट असते.

मालिकांची गोष्ट तर विचारूच नका! मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी चि. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने पडद्यावर आला, तेव्हा आठवड्यातून एकदा भेटणारा तो पाहुणा हवाहवासा वाटे. १९९९ साली 'आभाळमाया' आली आणि रोजच्या जगण्यातली एक शहाणी बाई घरोघर ओळखीची झाली. पुढे काय झाले? 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली थांबली. भाग तीन हजारांहून अधिक! नावात चार दिवस, आणि सासू जवळजवळ एक तपभर हटेना! दोष रोहिणी हट्टंगडींसारख्या समर्थ अभिनेत्रीचा नव्हे; दोष त्या चरकाचा, ज्यात उसाचे चिपाड झाले तरी रस निघेपर्यंत पिळायचे असते. एक वाक्य उच्चारले जाते, मग सात माणसांचे चेहरे पाळीपाळीने दाखवले जातात, विजा कडाडतात आणि भाग संपतो. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली आली तेव्हा तिच्यातली मालवणी ऐकून आमचे कान तृप्त झाले; तो वाडा, ती माणसे, ते हेवेदावे सारे पाहिलेले होते. मग दुसरे पर्व, मग तिसरे पर्व, आणि भीती विरून नुसती सवय उरली. उलट 'आणि काय हवं' ही २०१९ सालची छोटीशी मालिका पाहा: नवराबायको, त्यांचे घर, त्यांची पहिली गाडी, कट नाही, कारस्थान नाही. थोडक्यात सांगितले आणि निरोप घेतला. कमी बोलण्याने मराठीचे नुकसान होत नाही, हे आमच्या वाहिन्यांना कोणी सांगावे?

आता आक्षेप येईल की मराठी चित्रपट आधीच दुबळा, त्यात घरच्यांनीच त्याचे दोष काढले तर तो जगायचा कसा? आमचे उत्तर असे की, दोष न काढल्यानेच तो दुबळा राहतो. वाईट चित्रपटाला निष्ठेपोटी चांगले म्हटले की पुढच्या वर्षी तसेच चार निघतात. आणि ज्याने कर्ज काढून एखादा 'श्वास' केला, त्याच्या वाट्याची चित्रगृहेही तेच चार अडवून बसतात. 'श्यामची आई'ने पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवले ते १९५४ साली. पुढचा सर्वोच्च सन्मान मराठीत आणायला २००४ सालचा 'श्वास' यावा लागला. मधली पन्नास वर्षे मराठी माणसाचे भाषाप्रेम काही आटले नव्हते. मग केवळ प्रेमाने चित्रपट मोठा होत असता, तर एवढी वाट का पाहावी लागली?

दुसरा आक्षेप याहून विषारी आहे. 'मराठीला नावे ठेवणारे तुम्ही, उद्या कानडी चित्रपटाची स्तुती कराल!' करू, आणि आजच करतो. 'संस्कार' (१९७०) आणि 'घटश्राद्ध' (१९७७) हे कन्नड चित्रपट थोर आहेत, आणि त्यांची थोरवी मान्य केल्याने आमची मराठी तसूभरही उणी होत नाही. 'संस्कार'मधले गिरीश कार्नाड 'उंबरठा'त स्मिता पाटील यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांची जन्मभाषा कोणी विचारली नाही. आमचा झगडा सक्तीशी आहे, कलेशी नाही. जी सक्ती दुसऱ्याने लादली म्हणून आम्ही दंड थोपटले, तीच सक्ती आमच्याच माणसाने आमच्या पसंतीवर लादली तर ती गोड मानायची काय?

तेव्हा वाचकहो, मराठी चित्रपटाला जरूर जा. पहिल्या आठवड्यात जा, मुलाबाळांना घेऊन जा. पण डोळे आणि बुद्धी घरी ठेवून जाऊ नका. आवडला तर दहा जणांना सांगा. नाही आवडला तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा, आणि का नाही आवडला हेही सांगा. कोटींचे आकडे तोंडावर फेकणाऱ्याला विचारा, त्यातले माणूस कोठे आहे? आणि 'मराठी म्हणून तरी टाळी वाजवा' असे म्हणणाऱ्याला हात मागे बांधून सांगा: मराठीसाठी आम्ही लाठ्या खाऊ, तुमच्या गल्ल्यासाठी टाळ्या वाजवणार नाही!